काकांचं एकुलतं एक हसू

ती. काकांस,

साष्टांग नमस्कार. (मान वर करायची सध्या सोय नाही, म्हणून साष्टांगच.) लेकीकडे तुमची तब्येत छान असेल आणि रक्तदाब आटोक्यात असेल, अशी आशा करतो. नसेल तर आधी गोळी घ्या, मग पुढे वाचा.

दवाखान्याच्या नव्या पाटीचं ‘पाच मिनिटांचं काम’ जाताजाता माझ्या गळ्यात मारलंत, त्याबद्दल आभारी आहे. ती पाच मिनिटं अजून चालू आहेत. ‘साध्या आकारांतून काहीतरी आधुनिक कर’ ही तुमची आज्ञा, म्हणून एक चौकोन घेतला, कोपरे गोल केले, खाली दोन त्रिकोण जोडले आणि दाढ तयार झाली. काकूने चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, की दातांच्या दवाखान्यावर हाफपँट कशाला. मी दाढेला उठाव यावा म्हणून वर दोन गोल दिले, तर हाफपँटला डोळे आले.

मग तुमच्या फोटोकडे वळलो. घरात तुमचा हसरा फोटो एकच, आणि पेशंटला धीर यावा म्हणून पाटीवर तोच हवा हा तुमचा हट्ट. (धीर द्यायला तुम्ही स्वतः असताच, पण ते असो.) सुरकुत्या घालवायला चेहरा गुळगुळीत करणारा फिल्टर लावला. सुरकुत्या गेल्या, जाताना नाकही घेऊन गेल्या. नाक परत आणायला कडा धारदार केल्या, तर नाक राहिलं बाजूला आणि मिशीचा खराटा झाला. दात उजळवले, तर सगळे मिळून एकच पांढरी पट्टी झाली, फट म्हणून औषधाला नाही. (आणि तुमचं तर पोटच फटींवर.) शेवटी बुडत्याला काडीचा आधार म्हणून तैलचित्राचा फिल्टर लावला. काकू बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “हे कोण गृहस्थ?”

असो. पाटी होईलच. तुम्ही घाई न करता आणखी थोडे दिवस राहा.

तुमचा आज्ञाधारक आणि फुकट पुतण्या

ता.क. : हे सगळे प्रयोग मी मूळ फोटोवरच केले. प्रत काढायची राहिली, आणि बंद करताना कॉम्प्युटरने ‘बदल ठेवायचे का?’ असं अदबीने विचारलं तेव्हा सवयीने हो म्हणून बसलो. आता तो फोटो त्या गृहस्थांचाच. मला खरंच वाईट वाटतंय. तेव्हा ताईकडून एक नवा हसरा फोटो काढून पाठवा. (हे वाचल्यावर लगेच नको. दात तेव्हाही दिसतील, पण पेशंट पळतील.)

ता.क. २ : काकू म्हणते, ताईच्या हातून ते होणार नाही. तो फोटो काकूनेच काढला होता, जिन्यावरून घसरून खाली बसल्या जागेवरून, आणि तुम्ही हसत होतात ते तिलाच. पुन्हा घसरायचं आता तिचं वय नाही. माझं आहे, असं तिचं मत पडलं. तुम्ही या, जिना पुसून गुळगुळीत करून ठेवलाय.