न वाचता आलेल्यांनी बाहेर उभं राहायचं

सोमवार, ५ ऑगस्ट

प्रिय सर,

सगळे तुम्हाला सरच म्हणतात, मग बायकोनं तरी वेगळं काय म्हणायचं?

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक. वहिनीचा गुडघा सुधारला. कालपासून ती काठीशिवाय स्वयंपाकघरात येते आणि माझ्या भाजीला नाकं मुरडते, म्हणजे बरीच झाली म्हणायची. दादानं मला वरची खोली दिलीय, खिडकीशी टेबल आहे. गॅस संपला असेल तर सिलिंडरवाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून पत्र.

तुमच्याच वर्गात बसणारी तुमची पुतणी परवा फोनवर सांगत होती, गुरुवारी तुमच्या साहित्याच्या खास वर्गात पालक आणि मुख्याध्यापिका येऊन बसणार आहेत. पहिल्या दिवशीचं तुमचं भाषण तिनं हुबेहूब म्हणून दाखवलं. पुस्तक दोनदा वाचलेलं हवं, प्रत स्वतःची हवी, समासात पेन्सिलीच्या खुणा हव्यात. सारांश वाचून आलेला मला वासावरून कळतो. न वाचता आलेल्यांनी बाहेर उभं राहायचं. गेल्या आठवड्यात एका मुलीला तासभर दाराबाहेर ठेवलंत म्हणे. तिची आई आजारी होती.

आपल्या घरात वाचत कोण होतं, हे आपल्या दोघांनाच ठाऊक. मी भांडी घासता घासता गोष्ट सांगायची आणि तुम्ही ओट्याला टेकून ऐकायचं. कोण कुणावर का उलटलं, कुठलं वाक्य मोठ्यानं वाचण्यासारखं आहे, मुलं कुठे अडतील, सगळं. दुसऱ्या दिवशी तेच तुमच्या तोंडून वर्गात. मला आवडायचं ते, खोटं कशाला बोलू. आपण दोघं मिळून शिकवतोय असं वाटायचं.

मग तुमचा सत्कार झाला. कुणीतरी मला विचारलं, वहिनी, तुम्हीही वाचता का? मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "हिला काय विचारता? हिचं आणि पुस्तकांचं वाकडं आहे. चहा मात्र फक्कड करते." सगळे हसले. हातात ट्रे होता, मीही हसले. घरी येताना वाट पाहत होते, काहीतरी बोलाल. तुम्ही शालीची घडी नीट बसली का तेवढं विचारलंत.

त्याच आठवड्यात तुम्ही गुरुवारसाठी पुस्तक मागितलंत. मी ही नवी कादंबरी सुचवली आणि इकडे निघण्याआधी रोज संध्याकाळी थोडी थोडी सांगितली. सर, ती मी जशी आहे तशी सांगितलेली नाही. काय बदललं ते सांगणार नाही. शेवट असेल, किंवा कादंबरीतल्या ज्या माणसाला तुम्ही पालकांसमोर झोडपायचं ठरवलंय तोच असेल. मोबाईलवर शोधू नका. पुस्तक इतकं नवं आहे की त्याच्यावर अजून कुणी ओळही लिहिलेली नाही. म्हणून तर निवडलं. पुतणीनं मात्र ते अगदी कोळून प्यायलंय, आणि समोर काका असला तरी ती हात वर करणारच.

वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाहीये. उलट बऱ्याच दिवसांनी मला शांत झोप लागतेय. आणि वहिनी बरी झाली तरी मी येत नाहीये, हेही आत्ताच सांगून टाकते.

पत्र तुम्हाला बुधवारी मिळेल, अशा बेतानं टाकतेय. तुम्ही हुशार आहात, एका रात्रीत वाचून होईल. फक्त घरात शोधत बसू नका, आपली प्रत मी घेऊन आलेय. दुकानात उरलेल्या सगळ्या तुमच्याच मुलांनी नेल्या, प्रत स्वतःची हवी ना. एखाद्या मुलाच्या दारात जाऊन मागा. कशाला हवी, असं तो विचारेल. त्याला खरं उत्तर द्या.

तुमची कुणीही नसलेली,
एक वाचक