शाफ्टमधलं तेल

४ नोव्हेंबर
धुळ्याचे प्रेमराजभाऊ परदेशी जळगावला आले, मोटारसायकल घेऊन, खास माझ्याकडे! पाचोऱ्याच्या झुलालनानांनी पाठवलं. नाना माझे उस्ताद. "माझे डोळे आता साथ देत नाहीत, जळगावला जा, तो माझा पोरगाच," म्हणाले म्हणे. गाडीला चेन नाही, मागच्या चाकापर्यंत फिरता दांडा, शाफ्ट. असलं काही मी कधी उघडलेलं नाही — पण कबूल कोण करतो! भाऊंनी कागद आणला होता, कोणतं तेल, किती. चार माणसांसमोर म्हणालो, "भाऊ, कागद वाचून गाड्या दुरुस्त होत नसतात." बिचारे हसले.

५ नोव्हेंबर
शाफ्टचं तेल बदललं. तेल अडवणारं रबरी सील नानांनी मागेच बसवलेलं, त्याला हात लावला नाही. भाऊ सांगत होते ते पातळ गिअर ऑइल नाशिकहून मागवावं लागलं असतं. ट्रॅक्टरचं १४० नंबर पडलेलं होतं. घट्ट तेल, चांगलंच की! भोकातून वाहेपर्यंत भरलं, ट्रॅक्टरला भरतो तसं.

९ नोव्हेंबर
भाऊ पारोळ्याजवळ पडले. मागच्या टायरवर तेल. मनगट मोडलं. फोनवर विचारलं, "सील कसं गेलं हो?" तोंडातून निघून गेलं — "ते नानांनी बसवलेलं ना? वय झालं त्यांचं."
का बोललो?

१० नोव्हेंबर
गाडी टेम्पोतून आली. तेल मापात काढलं. एवढं गळूनही दोनशे वीस मिली! मग भाऊंनी ठेवलेला कागद उघडला. पातळ तेल, एकशे ऐंशी मिली, मोजूनच, भोकापर्यंत नाही. तेल तापून फुगलं, जागा नाही, सील ढकललं. नानांनी सील अगदी सरळ बसवलं होतं. माझी मलाच लाज वाटते.

११ नोव्हेंबर
भाऊंनी नानांना सांगितलं असणार. नानांचा फोन. "मनी चूक व्हई गई रे. प्रेमराजले सांग, माफ करी दे."
मी काय म्हणालो? "जाऊ द्या नाना, होतं असं." मीच त्यांना माफ केलं! जीभ का नाही झडली माझी?

१३ नोव्हेंबर
रविवारी पाचोऱ्याला जाऊन खरं सांगायचं. नक्की.

१७ नोव्हेंबर
रविवार. गेलो नाही. गिऱ्हाईक होतं.
खोटं. कुणीही नव्हतं. दिवसभर शटर अर्धं ओढून बसलो.

१९ नोव्हेंबर
एसटीनं जड लाकडी पेटी आली. नानांच्या बायकोनं, यशोदाअक्कांनी पाठवली. आत नानांचे सगळे पाने, पुसून, फडक्यात गुंडाळून. फोन केला तर अक्का म्हणाल्या, "त्यास्नी गॅरेज बंद कयं. म्हणतस, आते मना हातना भरवसा नही. बठ्ठं सामान त्याले दी टाक."