पाय माझे होते

प्रिय श्रुतिका,

सप्रेम जय भीम. माझा रविवारचा धम्मवर्ग सोडून तुला नऊ वर्षं झाली. पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडलं नसशील, तर शेवटपर्यंत वाच. तुझा मुलुंडचा पत्ता तुझ्या वर्गातल्या सुगंधाकडून घेतला. तुझ्या आईला विचारलं नाही.

चारकोपचा आपला विहार ठीक आहे. पत्रे जाऊन स्लॅब आला, पण दारातला चपलांचा पसारा तोच, आणि त्यावरून ओरडणारीही मीच. यंदा वर्षावासाला, पावसाळ्याचे तीन महिने मुक्कामाला, एक वयस्कर भन्ते आले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, दोन्ही गुडघे दुखरे. मला आवडले, कारण प्रवचन पाच म्हणजे पाचला सुरू आणि सहाला बंद.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. त्या दिवशी भिक्षू एकमेकांना आपल्या चुका विचारतात, ती प्रवारणा. वर्गात मी तुम्हाला हे पाठ करायला लावलं होतं. आमच्याकडे भिक्षू एकच, तेव्हा विचारणार कोणाला? मी खिरीच्या पातेल्याकडे निघालेही होते. तोच भन्ते आसनावरून उतरले आणि आम्हा उपासक-उपासिकांसमोर फरशीवर उकिडवे बसले. हात जोडले. अगं, भन्ते हात जोडत नसतात, आपण जोडतो! म्हणाले, "या तीन महिन्यांत माझं काही चुकलेलं पाहिलं असेल, ऐकलं असेल, नुसती शंका आली असेल, तरी माझ्यावर दया करून सांगा. मला दिसलं तर सुधारेन."

मग मालन उठली. आठवते ना, सोसायट्यांमध्ये पोळ्या करणारी, मागच्या गल्लीतली? "भन्तेजी, राग मानू नका. तीन महिने झाले, माझ्या घरचा घास तुम्ही घेतला नाय. टॉवरवाल्यांकडे गाडीतनं गेलात. आमच्या गल्लीत गाडी शिरत नाय म्हणून काय?" विहार समितीचा दादू लगेच ओरडला, "ए मालन, बस ना खाली! जेवणाची यादी आम्ही बनवली, त्यांना काय विचारतेस?" ती कसली बसते! "तुला कोण बोलतंय रे? त्यांनी विचारलं, मी सांगितलं." खरं सांगते, तिला गप्प करायला मीही तोंड उघडलं होतं.

भन्ते तसेच बसून होते. गुडघे थरथरत होते. हाताने दादूला थांबवून म्हणाले, "यादी समितीची असेल, पाय माझे होते. कोण राहिलं, हे मी एकदाही विचारलं नाही. मालनताई, तुम्ही सांगितलंत. साधु." बस, एवढंच. पुढे एक शब्द खुलाशाचा नाही.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ते भिक्षापात्र घेऊन चालत तिच्या गल्लीत गेले. आम्ही मागून. गटारावरच्या फळीवर त्यांना कुणाचा हातही नको होता. मालनने वालाची उसळ आणि भात वाढला. दादू हळूच म्हणाला, "जिंकलीस बाई." ती म्हणाली, "जिंकायचं काय त्यात? उसळ घे."

श्रुतिका, चाळीस वर्षं मी धम्म वाचते, तीस वर्षं शिकवते. पण त्या संध्याकाळी फरशीवर उकिडवा बसलेला तो म्हातारा मला विहाराच्या छताला टेकल्यासारखा दिसला. मी आयुष्यात कुणापुढे दबले नाही, हे तू जाणतेस. त्या दिवशी दबले. खीर वाढायची राहिली, ती दुसऱ्या कुणीतरी वाढली.

त्या रात्रीपासून तू डोळ्यांसमोर आहेस. सतरंज्या गुंडाळता गुंडाळता तू मला सांगितलं होतंस, दिल्लीला एम.ए.चा प्रवेश मिळतोय, घरी मीच सांगेन, तोवर कुणाला बोलू नका, बाई. मी त्याच संध्याकाळी तुझ्या आईला सांगितलं. तुझ्या वडिलांनी प्रमाणपत्रं कपाटात कोंडली, प्रवेशाची तारीख गेली. पुढच्या रविवारी आईवडिलांपासून काही लपवू नये यावर मी पाऊण तास बोलले, तुझ्याकडे बघत. तू उठलीस, चपला घातल्यास आणि गेलीस. नऊ वर्षं मी स्वतःला समजावते आहे की मुलीच्या भल्यासाठी केलं, आणि कुलूप काही मी लावलं नाही. कुलूप त्यांचं असेल, तोंड माझं होतं. धम्मवर्ग आता तुझ्याबरोबरच्या चैतन्यकडे दिला आहे. तो निर्णय माझा, त्याचं ओझं तुझ्यावर नाही. पण माझं जे चुकलेलं तू पाहिलंस, ऐकलंस, ज्याची शंका आली, ते सगळं लिही. मी खुलासा करणार नाही. फक्त 'जाऊ दे बाई' असं लिहू नकोस. माझे गुडघे मला उकिडवं बसू देत नाहीत, म्हणून हे खुर्चीत बसून लिहिलं. पण तुझ्यासमोर मी खाली फरशीवर बसले आहे, असं समज.

तुझीच,
शुभाबाई