टॅग लावलेले टोमॅटो

५ फेब्रुवारी, सकाळी ६
टोमॅटोला भोकं. नऊ नग रिजेक्ट. प्लांटमध्ये चौतीस वर्षं इन्स्पेक्शन केलं, आणि आता वैशाली नगरात माझ्याच बागेत डिफेक्ट! १६ मार्चला कॉलनीचं भाजी प्रदर्शन. पहिलं बक्षीस माझंच, फक्त जाहीर व्हायचं बाकी आहे.

६ फेब्रुवारी
गुन्हेगार सापडली. राखाडी माशी, लाल डोळे, पाठीवर पट्टे. मोबाइलवर पाहिलं : मांसमाशी. म्हणजे मासळी. म्हणजे भागाबाई. बारा वर्षं गेटसमोर सुकट विकते. तपास पूर्ण, चार मिनिटांत.

७ फेब्रुवारी
भागाबाई रोज सकाळी वाफ्यातले पडके टोमॅटो बकऱ्यांसाठी उचलून नेते, हे आज कळलं. पुरावा नष्ट करणं! बंद केलं. ती म्हणाली, साहेब, सडलेलेच तं नेऊन राहिली. मी बजावलं, रिजेक्ट माल टॅगशिवाय हलत नसतो. प्रत्येक टोमॅटोला नंबर, तारीख. ओट्यावर रांगेत मांडले. वासंती म्हणाली, वास येऊन राहिला. बायकोला प्रोसीजर कळत नाही.

१५ फेब्रुवारी
नमुने ६१. माशा वाढल्या. केस मजबूत होते आहे. सोसायटीकडे फोटोंसह अर्ज : माशांचं मूळ ताबडतोब हटवा.

१९ फेब्रुवारी
अर्जाखाली सगळ्यांच्या सह्या झाल्या. वासंतीने केली नाही. म्हणाली, तुमचं बायपास झालं तवा दवाखान्यात माझ्यासंगं कोण बसलं होतं? भागाबाईच. विषयांतर.

२४ फेब्रुवारी
ॲक्शन! सोसायटीच्या माणसांनी दुकान हटवलं. टोपली रस्त्यात पालथी झाली. म्हातारी सुकट एकेक वेचत होती. बाल्कनीतून पाहिलं. वाईट वाटलं, चहा येईपर्यंत.

२ मार्च
नमुने १४०. माशा चौपट. जाताना मुद्दाम सोडून गेली असणार.

९ मार्च
दुर्गहून उद्यान विभागाचे साहेब आले. मीच बोलावले होते, शिक्कामोर्तब करायला. ओट्यापाशी नाकाला रुमाल लावला. म्हणाले, भोक अळी पाडते. फळ सडलं की मग ही माशी येते आणि त्यातच पिल्लं टाकते. पडकी फळं रोज उचला, बस्स. आधी ती कोण उचलायचं, त्यांनी विचारलं.
वासंतीने माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांना चहा विचारला. ते म्हणाले, इथं नको.

१२ मार्च
सोसायटीची नोटीस. मजकूर माझ्याच अर्जाचा, फक्त भागाबाईच्या जागी नाव माझं घातलंय. फोटोही मी काढलेलेच. चांगले आलेत.

१६ मार्च
प्रदर्शन. बागेत एक टोमॅटो धड नाही. भागाबाईला मोठ्या मनाने माफ करून परत आणायचं ठरवलं. ती आता कुम्हारीच्या बाजारात बसते. तिच्या बकऱ्यांसाठी पिशवीभर नमुने घेतले. बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. ऐसपैस प्रवास.
तिने मला पाहिलं आणि सुकटीवर फडकं ओढलं. म्हणाली, बकऱ्या तं विकल्या, साहेब. तुमी जरा बाजूले व्हा. तुमच्या पिशवीच्या माशा माझ्या मालावर येऊन राहिल्या, गिऱ्हाईक पळते.
बाजूला झालो.