सहाव्या माणसाची टोपली

अण्णा,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नका. तुम्ही जाऊन बारा वर्षं होत आली. माझं शिक्षण चौथीपर्यंत. दुकानांच्या पाट्या रंगवून अक्षर वळणदार झालं, पण चार वाक्यं सलग लिहायची म्हटली की घाम फुटतो. आता मात्र लिहिल्याशिवाय जिवाला चैन पडेना. शिरोळकडच्या जैन बस्तीत, गाभाऱ्याबाहेर, तुमच्या हाताखाली मी रंगवलेली भिंत पुरात गेली. सगळी नाही गेली, आणि तोच घोर लागून राहिलाय.

भिंतीवर आपण जांभळाचं झाड काढलं होतं आणि त्याच्याभोवती सहा भुकेली माणसं. रंग कालवता कालवता तुम्ही गोष्ट सांगितलीत. काळा माणूस म्हणतो, झाड मुळापासून तोडू. निळा म्हणतो, मोठी फांदी पुरे. पारव्या रंगाचा डहाळीवर येतो, पिवळा घोसावर, गुलाबी नुसत्या पिकल्या फळांवर. सहावा पांढरा, तो जमिनीवर बसून पडलेली जांभळं वेचून खातो. भूक सहाजणांची एकच, मनाचा रंग तेवढा वेगळा. मी जैन नाही, मला हे सगळं नवीन होतं. मूर्तीखालची खूण बघायलाही तुम्हीच शिकवलंत. बैल असला तर आदिनाथ, नाग असला तर पार्श्वनाथ. "मूर्ती सारख्याच दिसत्यात. खूण चुकली की भगवान बदलला," असं म्हणायचात.

त्या दिवशी तुम्ही परांचीवर उभे राहून पानं काढताय आणि मी खाली सहाव्या माणसापाशी बसलोय. हा वेचलेली जांभळं ठेवणार कशात, याची मलाच काळजी लागली. म्हणून त्याच्या पुढ्यात टोपली काढली. एका पाटीचा उरलेला तपकिरी ऑइल पेंट पिशवीत होता, तोच वापरला. इतक्यात वरून तुमचा आवाज आला.

"आरं, ह्याला टोपली कुणी दिली?"

"मी दिली. जांभळं ठिवायची कशात?"

"पोटात! भूक हाय तेवढं खाईल आन् उठंल. टोपली आली की उद्याची काळजी आली, आन् काळजी आली की त्यो पांढरा ऱ्हायला न्हाय. खरवडून काढ ती."

शेजारी तांदूळ निवडत बसलेल्या बायका हसल्या. एक आक्का म्हणाली, "आवो आण्णा, तुमच्या पेंटरला बाजारला जायाचं आसंल की!" मी मान खाली घालून खरवडायची पत्ती शोधू लागलो. उद्याची काळजी तर माझ्या हाडात आहे. तुम्ही चित्राला बोललात की मला, ते अजून उमगलेलं नाही.

मी खरवडली नाही. वरून चुन्याचे दोन हात मारले. ऑइलवर चुना धरत नाही, हे तुमच्याकडूनच शिकलो होतो. तुम्ही खाली उतरून बघितलंत आणि "झ्याक" म्हणालात.

पुराचं पाणी कितीतरी दिवस बस्तीत होतं. काळा माणूस कुऱ्हाड उगारून उभा आहे, तो मांडीपासून वर शाबूत राहिला. बसलेला पांढरा पार धुऊन गेला. आणि त्याच्या जागी, चुना निघून, माझी टोपली वर आली.

सहावा माणूस परत काढायला मला बोलावलंय. त्या हसणाऱ्या बायकांपैकी आता तिथं कुणी नाही. कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "पेंटर, समदं गेलं आन् ही ऱ्हायली. कायतरी अर्थ असणारच की." त्यांची सून म्हणाली, "दानाची टोपली आसंल, मामा. पांढऱ्या मनाचा माणूस दुसऱ्यासाठी दोन जांभळं ठेवतोय." सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, "व्हय, अण्णा तसंच सांगायचे."

दुसऱ्या दिवशी गेलो तर टोपलीपुढं कुणीतरी तांदळाचं स्वस्तिक मांडलेलं. वर तीन पुंजके, त्यावर चंद्रकोर. चार टोकं म्हणजे जन्माच्या चार गती, तीन पुंजके म्हणजे श्रद्धा, ज्ञान आणि आचरण, आणि चंद्रकोरीपाशी जन्ममरणातून सुटलेल्या जिवांची जागा, हे तुम्हीच मला समजावलं होतं. त्या खुणा कुणीतरी जाणून काढल्या, जपून इथवर आणल्या. माझ्या टोपलीत काय आहे? पाटीचा उरलेला रंग आणि माझी काळजी. तरी त्या पोरीचा अर्थ वाईट म्हणवत नाही, अण्णा. ती बोलली तेव्हा मलाही क्षणभर खरा वाटला. पण टोपली ठेवली तर तुम्ही कधी न बोललेलं तुमच्या नावावर भिंतीवर राहणार. खरवडली तर कशासाठी ते सांगावं लागणार, आणि या वयात सगळ्यांसमोर खोटा पडायचं मला भ्या वाटतं.

बस्तीतलं पर्व आठवड्यावर आलंय, त्याआधी भिंत पुरी व्हायला हवी. माणूस काढून झाला, पांढरा रंगही चांगला बसलाय. फक्त उजवा हात राहिलाय. मुठीत जांभूळ आहे, ते तोंडाकडं न्यायचं की टोपलीकडं, तिथं तीन दिवस अडलोय. रंग वाळला नाही, असं सांगून वेळ काढतोय.

पत्ता कुठला घालणार? घडी करून रंगाच्या पिशवीत ठेवतो. एक तेवढं कबूल करतो. चुना मारतानाच मला ठाऊक होतं की ती कधीतरी वर येणार. टोपलीची वीण फार छान जमली होती, अण्णा, पुसवेना.

हात कुणीकडं वळवू, तेवढं लवकर कळवा.