गोळीले चुना

मंगळवार, संध्याकाळ

आज यवतमाळात डॉक्टरबाईंपुढं माह्याच तोंडानं माही फजिती झाली.

थायरॉइडचा रिपोर्ट पुन्हा बिघडलेला. बाई गोळी वाढवणारच होत्या, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "घेता कशी?" मी छातीठोक सांगितलं, "रोज सकाळी, उपाशीपोटी. एकही खाडा नाही. कॅल्शियमची गोळीही सोबतच, एकाच घोटात."

बाईंनी पेन खाली ठेवला. म्हणाल्या, "कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला पोटातच धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. दोन्हींत चार तास जाऊ द्या." गोळी वाढवली नाही. दीड महिन्यानं पुन्हा रक्त तपासायचं.

एकाच घोटात! अन् अंगणवाडीत गरोदर बायायले मीच सांगते, लोहाची अन् कॅल्शियमची गोळी संगं घेऊ नका. मंग स्वतःच्या वेळी काहून नाही सुचलं? वर्षभर थकवा, केस गळणं, अन् मी वयाले दोष देत बसली.

बाभुळगावले घरी आली तं हे तंबाखू मळत होते. सगळं ऐकून घेतलं, हातातल्या चुन्याच्या डबीकडे पाह्यलं अन् म्हणाले, "कॅल्शियम म्हणजे चुनाच ना? म्हणजे वर्षभर तू त्या गोळीले चुना लावून राह्यली होती."

पोट धरून हसली मी. तंबाखूवरून यांले रोज बोलते, आज बोलायले तोंडच उरलं नाही.

मंग कॅल्शियमची बाटली उचलली अन् यांच्या चुन्याच्या डबीजवळ नेऊन ठेवली. उद्यापासून दुपारचं जेवण झालं की दोघंही तिथंच हात घालू.