पडदा काळा होते तेव्हा

नंदनवन, नागपूर
४ नोव्हेंबर २०२४

चि. भावनास,
बाबाचा सप्रेम जयभीम आणि अ. आ.

आम्ही दोघंही बरे आहो, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणजे मी घाबरून आहो. फोनवर बोलता येत नाही. दोन खोल्यांचं घर, अन् तुझ्या आईचा हात लुळा पडला तरी कान तिखट आहेत. ती दुपारची पडली आहे, तेवढ्यात लिहून राहिलो.

जूनमध्ये लकवा आला त्याले पाच महिने झाले. व्यायाम शिकवाले श्वेता येते, ती म्हणते पहिल्या सहा महिन्यांत हात जेवढा सुधरेल तेवढा सुधरवून घ्या, मंग कठीण जाते. तिनंच सांगितला तो फुगे फोडायचा खेळ तू तुझ्या कम्प्युटरवर टाकून दिला. माउस उजव्या हातात धरायचा अन् फुगे फोडायचे. पहिल्या हप्त्यात आईनं अकरा फोडले, मागच्या हप्त्यात चाळीस. मी गल्लीभर सांगून आलो.

पण त्या मेल्या खेळाले दर दोन दिवसांनी अपडेट लागते. लगेच पडदा काळा होते अन् मधात प्रश्न येते, या प्रोग्रामले बदल करू द्यायचे काय. मी तो प्रश्न मोठ्यानं वाचतो, रेल्वेच्या केबिनची सवय. तिथं मोठ्यानं बोलल्याशिवाय सिग्नलच्या लिव्हरले हात लावत नव्हतो. मंग तू दिलेला पासवर्ड टाकतो. आई त्या काळोखानं दचकते. लकवा आला त्या सकाळी तिच्या डोळ्यांपुढं अशीच अंधारी आली होती. परवा तिनं हात पदराखाली लपवला. तेव्हापासून माउसले शिवली नाही.

हा प्रश्न कायमचा बंद कसा करायचा ते कागदावर एक-एक करून लिहून पाठव. लवकर पाठव वं. तिचा हात गेला तर ती मनानं बी जाईन, अन् मग मी काय करू?

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नको.
तुझा बाबा,
बळीराम


पुणे
८ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
भावनाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र वाचून काळजी लागली. पण थोडं हसूही आलं. कम्प्युटरपुढे उभं राहून घोषणा देणारे तुम्ही जगात एकटेच असाल!

बाबा, तो प्रश्न बंद करायचा नाही. तो दारावरचा पहारेकरी आहे. चूक माझी झाली. मी तो खेळ कम्प्युटरच्या मुख्य फोल्डरमध्ये टाकला, आणि तिथे काडी हलवायची तरी मालकाला विचारावं लागतं. खेळाची जागा बदलली की अपडेटच्या वेळी विचारणार नाही. माझ्या ऑफिसातल्या रोशनीला हे नीट येतं. तिला विचारून पायऱ्या लिहून पाठवते.

तोवर कोणालाही हात लावू देऊ नका. शेजारच्या धर्मेंद्रभाऊंना तर मुळीच नाही. त्यांनी दुरुस्त केलेला मिक्सर अजून माळ्यावर आहे. आईला सांगा, चाळिसाचे पन्नास झाले की मी साडी घेऊन येते.

आशीर्वाद असू द्या, रागावलात तरी.
तुमची,
भावना


नंदनवन, नागपूर
११ नोव्हेंबर २०२४

चि. भावनास,
सप्रेम जयभीम, अ. आ.

तुझं पत्र आज दुपारी आलं. चार दिवस आधी पाहिजे होतं.

धर्मेंद्र सात तारखेलेच येऊन गेला. तो म्हणे, काका, काहून एवढे परेशान होता? सेटिंगमध्ये एक उभी पट्टी आहे, ती तळाले ओढा, कटकट खतम. लिव्हर ओढणाऱ्या माणसाले हे किती सोपं! ओढली. दोन दिवस पडदा काळा झाला नाही. आईनं पन्नास फोडले.

काल खेळता-खेळता पडद्यावर काहीतरी आलं, खेळ जलद करा म्हणून. तिनं दाबलं. दाबू का म्हणून विचारणारा कोणी राहिलाच नव्हता. सारा पडदा लाल झाला, भोंगा वाजाले लागला, अन् एक माणूस हिंदीत ओरडाले लागला की कम्प्युटर बंद करू नका, या नंबरवर फोन करा. आई खुर्चीवरून खाली पडली. तिची वाचाच गेली पोरी. रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, अन् मी नुसता तिचं नाव घेत होतो.

डॉक्टर म्हणाले, लकवा नाही, प्रेशर वाढलं. घरी आणलं आहे. आता हो-नाही बोलते, पण उजवा हात पदराबाहेर काढत नाही. काल फोनवर तुले सगळं मजेत म्हटलं, कारण ती बाजूले होती.

तीस वर्षांत विचारल्याशिवाय एक गाडी सोडली नाही मी. अन् घरी सारे सिग्नल पाडून वाट मोकळी करून बसलो. इंटरनेटची वायर काढून ठेवली. पण ती जरा गप बसली की मी तिच्या तोंडाकडे पाहतो, वाकडं तर झालं नाही ना. मले लय भेव वाटते वं. तू धावत येऊ नको, तू अचानक दिसली तर तिले वाटेल काहीतरी मोठं झालं.

जीव लावून ठेव आमच्यावर.
तुझा बाबा


पुणे
१४ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आधी रडले, मग तुमच्यावर चिडले, आता लिहिते.

वायर काढली ते अगदी बरोबर केलं. रोशनीचा भाऊ नागसेन तिकडे नागपुरातच, मनीषनगरला राहतो, कम्प्युटरचंच काम करतो. तो रविवारी येईल. आत शिरलेलं सगळं साफ करील आणि ती पट्टी परत वर नेईल. मग खेळ एका वेगळ्या फोल्डरमध्ये बसवून तेवढ्याच फोल्डरची परवानगी आईच्या नावाला देईल. खेळ गुपचूप अपडेट होईल, बाकी कोणी घुसायला लागलं तर प्रश्न येईल. यार्डातली बाजूची एक साइडिंग कायमची देऊन टाकली, मेन लाईन नाही, असं समजा.

पण एक काम नागसेनला जमणार नाही, ते तुम्हीच करा. आईला सगळं सांगा. काळा होतो तो पडदा, तिचे डोळे नाहीत, हे तिला कोणी सांगितलंय का? तिच्या पाठीमागे आपण दोघं पत्रं लिहितो, हे मला आता पटत नाही. तिला विचारा ती कशाला भिते. मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतेच.

तुमचा हात डोक्यावर राहू द्या.
भावना


नंदनवन
२६ नोव्हेंबर

चि. भावना,
आईचा जयभीम.

तुह्या बाबानं तुहे सारे पत्र माह्यापुढं ठेवले. वाचले. दोघंबी पागल हा तुम्ही.

नागसेन आला होता. भला पोरगा, जेवून गेला. आता खेळ विचारत नाही.

मी पडद्याले नाही भेत होती वं. पडदा काळा झाला की तुहे बाबा मोठ्यानं वाचत. मंग माह्या तोंडाकडे पाहत. जूनमधी पाह्यलं तसंच. मले वाटे, आला काय पुन्हा? म्हणून हात लपवे. ते पाहून त्याइचं तोंड अजून उतरे. कम्प्युटर दोन दिवसांतून एक डाव विचारे. अन् हे तुहे बाबा दिवसातून पन्नास डाव: बरं वाटते ना? हात हलते ना?

सांगतलं, मी खेळीन तवा अंदरच्या खोलीत बसा. बसत नाही, दारातून पाहतात. परवा ओरडली त्याइच्यावर. बिमारीपासून पहिल्यांदा एवढा आवाज निंगाला. ते दारातच रडाले लागले.

भेव मलेबी हाय. सकाळी उठली की अगुदर बोटं हलवून पाहते.

माया हाय तेवढी राहू दे.
तुही आई,
प्रेमलता

ता. क. हे उजव्या हातानं लिहिलं. चार दिवस लागले. त्याइले सांगतलं नाही. कळलं तर समोर बसून पाहत राहतील, अन् मले अजून लय लिहाचं हाय.